विहिरीवरील पंपाची निवड : आधी मोजमाप, मग खरेदी

विहिरीवर पंप बसवावयाचे ठरले म्हणजे शेतकरी दुकानात जाऊन बहुधा एकच प्रश्न विचारतो : किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा? शेजाऱ्याने पाच अश्वशक्तीचा घेतला असेल तर आपण साडेसात अश्वशक्तीचा घ्यावा, म्हणजे पाणी जास्त येईल, असा साधारण समज असतो. वास्तविक अश्वशक्तीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. त्याआधी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : पाणी किती उचलावयाचे, ते किती उंच चढवावयाचे, आणि ज्या नळातून ते न्यावयाचे तो नळ किती लांब व किती रुंद आहे. ह्या तीन मापांवरून पंप ठरतो व पंपावरून अश्वशक्ती ठरते.

मोटेच्या काळी ही अडचण फारशी नव्हती. विहीर किती खोल आहे आणि बैल किती थकले आहेत हे डोळ्यांना दिसत असे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, तशी मोट मागे पडली. विजेच्या पंपावर पडणारा भार मात्र दिसत नाही. तो कळतो तो मोटार जळाल्यावर, विहीर दोन तासांत आटल्यावर, किंवा नळाच्या दूरच्या टोकाला पाण्याची बारीक धार पाहिल्यावर. तोपर्यंत पैसा खर्च झालेला असतो आणि उभे पीक पाण्याची वाट पाहात असते. म्हणून खरेदीपूर्वी एक दिवस मोजमापासाठी खर्च करणे हे शहाणपणाचे होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष शेतावर जाऊन मदत करावी.

पंप पाणी कसा उचलतो

विहिरीवर वापरला जाणारा सर्वसाधारण पंप हा सेंट्रिफ्यूगल जातीचा असतो. त्याच्या कवचात इम्पेलर म्हणजे पात्यांचा एक पंखा वेगाने फिरतो. गोफण गरगर फिरवून सोडली म्हणजे दगड जसा बाहेर फेकला जातो, तसे इम्पेलरच्या मध्यावर आलेले पाणी कडेकडे फेकले जाते. कवचाची वाट हळूहळू रुंद होत जाते. तेथे पाण्याचा वेग कमी होऊन त्याचा दाब वाढतो, आणि ह्या दाबाने पाणी डिलिव्हरी पाइपातून वर चढते.

मध्यावरचे पाणी बाहेर फेकले गेले की तेथील दाब उतरतो. विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब असतोच. तो पाण्याला सक्शन पाइपातून वर ढकलतो. तात्पर्य, पंप पाणी ओढीत नाही, हवा ते ढकलते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर दोन नियम आपोआप समजतात. पहिला असा की, पंप सुरू करण्यापूर्वी कवच व सक्शन पाइप पाण्याने भरलेले असले पाहिजेत, कारण हवा हलकी असल्याने इम्पेलर तिला पाण्यासारखी जोराने फेकू शकत नाही. दुसरा असा की, हवेच्या दाबाला मर्यादा असल्याने पंप पाण्यापासून वाटेल तितका उंच बसविता येत नाही.

पहिले माप : पाणी किती हवे व किती मिळेल

एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी दिले म्हणजे १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर पाणी होते. ह्या एका आकड्यावरून सर्व हिशेब करता येतो. उदाहरणादाखल दख्खनच्या पठारावरील एक विहीर घेऊ. तिच्यावर दोन हेक्टर रब्बी पिके भिजवावयाची आहेत. भर वाढीच्या दिवसांत पिकास दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दोन हेक्टरांस दिवसाला १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी लागेल. (उन्हाळी पिकास ही गरज ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत जाते.) सरीतून पाणी देताना काही पाणी मुळांच्या खाली पाझरते, काही वाफ होऊन जाते. त्यासाठी सुमारे एक तृतीयांश पाणी अधिक धरले, तर रोजचा उपसा १३३ घनमीटर होतो.

आता एवढे पाणी विहीर देईल काय, हे पाहावयाचे. आपली विहीर ६ मीटर व्यासाची आहे. तिच्यात पाण्याची पातळी १ मीटर उतरली म्हणजे सुमारे २८ घनमीटर पाणी निघाले असे समजावे. एखाद्याचा पंप तात्पुरता आणून सायंकाळी पाणी ३.५ मीटर खाली उतरवावे, खूण करून ठेवावी, आणि पातळी पूर्ववत येण्यास किती तास लागतात ते पाहावे. आपल्या विहिरीत ह्याला १८ तास लागले. म्हणजे १८ तासांत ९९ घनमीटर, अथवा तासाला सरासरी ५.५ घनमीटर पाणी झऱ्यांतून आले. पंप रोज ६ तास चालवावयाचा असेल तर साठ्यातील ९९ घनमीटर आणि त्या ६ तासांत झऱ्यांतून येणारे ३३ घनमीटर मिळून १३२ घनमीटर पाणी हाती येते. गरज व आवक जेमतेम जुळली.

हे माप ज्या महिन्यात पाण्याची सर्वाधिक गरज असते त्या महिन्यातच घ्यावे. रब्बीसाठी पौष-माघात, उन्हाळी पिकासाठी चैत्रात. भाद्रपदात भरलेली विहीर पाहून पंप घेणारा शेतकरी फाल्गुनात पस्तावतो.

१३२ घनमीटर पाणी ६ तासांत उपसावयाचे म्हणजे तासाला २२,००० लिटर, अर्थात सेकंदाला ६.१ लिटर. पंपापासून आपणास हवा तो विसर्ग हाच. वीज आठ तास मिळत असली तरी हिशेब सहा तासांचा धरावा, म्हणजे वीज मध्येच गेली तरी पाळी चुकत नाही. पंप ह्याहून मोठा घेतला तर विहिरीत पाणी वाढत नाही. ती फक्त लवकर आटते, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, आणि पंप कोरडा फिरून आतील सील खराब होते.

दुसरे माप : उंची

पंपावर पडणाऱ्या उंचीच्या भारास हेड असे म्हणतात. विहिरीतील पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीपासून ते पाणी जेथे सोडावयाचे त्या ठिकाणापर्यंतची उभी उंची मोजावी. नळ आडवा किती गेला ह्याचा ह्या मापाशी संबंध नाही.

आपल्या उदाहरणात पंप विहिरीच्या आत कट्ट्यावर बसविला आहे. उपसा पूर्ण झाल्यावर पाण्याची पातळी पंपाच्या मध्यापासून ५ मीटर खाली जाते. पंपापासून विहिरीच्या काठापर्यंत ६ मीटर, आणि काठापासून शेतातील पाणी सोडण्याच्या जागेपर्यंत जमिनीचा चढ ९ मीटर आहे. एकूण उभी उंची २० मीटर, म्हणजे सुमारे ६५ फूट झाली.

विहिरीतील माप दोरीने सहज घेता येते. जमिनीचा चढ मात्र डोळ्यांनी कधीही ठरवू नये. लांबवर हळूहळू चढत जाणारे रान सपाटच भासते. त्यासाठी दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्यावी. दोन्ही टोके दोन काठ्यांना धरून एकेक टप्पा पुढे जावे, व प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीची जमिनीपासूनची उंची मोजून फरक लिहून ठेवावा. सर्व फरकांची बेरीज म्हणजे एकूण चढ. नळाच्या वाटेत मध्येच एखादा उंचवटा असेल आणि शेत त्याच्या पलीकडे उतारावर असेल, तर पाणी आधी त्या उंचवट्यावर चढले पाहिजे हे विसरू नये.

येथे एका नेहमीच्या चुकीचा उल्लेख करणे जरूर आहे. पाणी जोरात पडलेले दिसावे म्हणून कित्येक ठिकाणी डिलिव्हरी पाइप हौदावर किंवा पाटावर पाच-सहा फूट उंच नेऊन वाकविलेला असतो. प्रत्येक फुटाचा भार पंपावर विनाकारण पडतो. नळाचे तोंड पाटातील पाण्याच्या शक्य तितके जवळ ठेवावे.

तिसरे माप : नळातील घर्षण

पाणी नळातून वाहताना नळाच्या अंगाशी घासते व त्यात दाब खर्च होतो. हा खर्च म्हणजे जणू आणखी तेवढ्या मीटरांची चढण असे समजावे. पंपाच्या निवडीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ह्या मापाकडे. नळ स्वस्तात मिळावा म्हणून बारीक घेतला जातो आणि मग त्यातून पाणी रेटण्यासाठी मोठा पंप घ्यावा लागतो.

नळाचा आतील व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्यासाठी घर्षण सुमारे तीस पट होते. त्याच नळातून दुप्पट पाणी नेले तर घर्षण सुमारे साडेतीन पट होते. आपल्या उदाहरणात विहिरीच्या काठापासून शेतापर्यंत ३०० मीटर पी.व्ही.सी. नळ टाकावयाचा आहे व त्यातून सेकंदाला ६.१ लिटर पाणी न्यावयाचे आहे. ६ किलोग्रॅम दाबाच्या वर्गातील निरनिराळ्या मापांच्या नळांत होणारे घर्षण अंदाजे पुढीलप्रमाणे येते :

६३ मि.मी. (दोन इंची) नळ : २६ मीटर
७५ मि.मी. (अडीच इंची) नळ : ११ मीटर
९० मि.मी. (तीन इंची) नळ : ५ मीटर
११० मि.मी. (चार इंची) नळ : २ मीटर

दोन इंची नळात केवळ घर्षणाचा भार हा विहीर व चढ मिळून होणाऱ्या २० मीटर उंचीपेक्षाही अधिक झाला. म्हणजे पंपाची अर्ध्याहून अधिक शक्ती पाणी उचलण्यात नव्हे, तर नळाशी झगडण्यात जाणार. फूटव्हॉल्व्ह, सक्शन पाइप, बेंड व व्हॉल्व्ह ह्यांच्यासाठी आणखी सुमारे २ मीटर धरावे. तेव्हा एकूण हेड असे होईल : दोन इंची नळास ४८ मीटर, अडीच इंचीस ३३ मीटर, तीन इंचीस २७ मीटर व चार इंचीस २४ मीटर.

अश्वशक्तीचा हिशेब

सेकंदाला येणारे लिटर गुणिले एकूण हेडचे मीटर, भागिले ७५, म्हणजे पाणी उचलण्यास लागणारी निव्वळ अश्वशक्ती. पंपाला दिलेली सर्व शक्ती पाण्यात उतरत नाही. लहान पंपाची कार्यक्षमता शेकडा ५५ धरली, तर वरील भागाकारास पुन्हा ०.५५ ने भागावे.

तीन इंची नळासाठी : ६.१ × २७ ÷ ७५ = २.२, त्यास ०.५५ ने भागून ४ अश्वशक्ती. ह्यावर चौथाई शिल्लक ठेवून ५ अश्वशक्तीची मोटार पुरेशी आहे.

अडीच इंची नळासाठी हाच हिशेब ४.९ अश्वशक्ती येतो. पाचची मोटार घेतल्यास काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून साडेसात अश्वशक्तीची घ्यावी लागेल. दोन इंची नळासाठी ७.१ अश्वशक्ती येते, म्हणजे मोटार १० अश्वशक्तीची हवी. चार इंची नळासाठी सुमारे ३.५ अश्वशक्ती येते.

विहीर तीच, शेत तेच व पाणीही तेवढेच. परंतु नळाच्या मापाप्रमाणे मोटार पाचची, साडेसातची अथवा दहाची झाली. रोज ६ तास याप्रमाणे १२० दिवस पंप चालला, तर तीन इंची नळाच्या मानाने दोन इंची नळावर एका हंगामात सुमारे २,००० युनिट वीज अधिक जळेल, व अडीच इंची नळावर सुमारे ५८० युनिट. नळाची किंमत एकदाच द्यावी लागते, घर्षणाची किंमत मात्र पंप सुरू केल्यावर प्रत्येक तासाला द्यावी लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना सुरू केली. दोन इंची नळ घेणाऱ्याचा दहा अश्वशक्तीचा पंप ह्या मर्यादेबाहेर जातो. शिवाय विजेचे बिल येत नसले तरी जादा भाराचा त्रास चुकत नाही. एका रोहित्रावर, ज्यास शेतकरी डी.पी. म्हणतात, अनेक पंप असतात. प्रत्येकाने गरजेपेक्षा मोठी मोटार लावली तर सर्वांच्याच पंपांना दाब कमी मिळतो, मोटारी तापतात, आणि शेवटी रोहित्र जळून ऐन हंगामात साऱ्या शिवाराचे पाणी थांबते.

नळ नेहमी मोठाच घ्यावा असेही नाही. आपल्या उदाहरणात चार इंची नळ घेतल्याने ३ मीटर हेड वाचते, पण मोटार पाचचीच राहते आणि नळाचा खर्च बराच वाढतो. म्हणून ३०० मीटरसाठी तीन इंची नळच योग्य होय. तोच नळ ८०० मीटर न्यावयाचा असता तर तीन इंचीत १२ मीटर व चार इंचीत सुमारे ५ मीटर घर्षण झाले असते. अशा वेळी चार इंचीचा विचार करावा. पी.व्ही.सी. नळात पाण्याचा वेग सेकंदाला १ ते १.५ मीटरच्या आसपास असेल असा नळ निवडणे हा सर्वसाधारण नियम आहे.

पंपाचा तक्ता कसा वाचावा

आता आपल्या हाती दोन आकडे आले : विसर्ग सेकंदाला ६.१ लिटर व हेड २७ मीटर. दुकानदारास हे दोन आकडे सांगावेत व कारखान्याने छापलेला तक्ता मागावा. त्यात प्रत्येक पंप कोणत्या हेडला किती पाणी देतो हे दिलेले असते. ज्या पंपाची सर्वोत्तम कार्यक्षमता आपल्या आकड्यांच्या जवळपास असेल तो पंप निवडावा. पंपाच्या पट्टीवर हेडची खालची व वरची मर्यादा लिहिलेली असते. आपले हेड ह्या मर्यादांच्या साधारण मध्यावर यावे, टोकाला येऊ नये.

विहिरीची पातळी दिवसभरात बदलते हेही लक्षात ठेवावे. सकाळी विहीर भरलेली असताना आपले हेड सुमारे २३.५ मीटर असेल, व उपसा संपताना २७ मीटर होईल. ह्या दोन्ही टोकांना पंप बिनतक्रार चालला पाहिजे.

जास्त हेडचा पंप कमी हेडवर लावला तर काय होते? पुष्कळांस वाटते की, त्याच्यावर ताण कमी पडेल. प्रत्यक्षात उलटे घडते. भार कमी झाल्यामुळे ह्या जातीचा पंप अधिक पाणी फेकू लागतो, अधिक पाण्यासाठी अधिक शक्ती घेतो, आणि मोटार तिच्या ताकदीबाहेर प्रवाह ओढून तापते. विहिरीवरील मोटारी जळण्याचे हे एक मोठे कारण आहे. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला असता मोटार वाचते, परंतु वीज फुकट जाते. तो तात्पुरता उपाय होय.

कमी हेडचा पंप जास्त हेडवर लावला तर पाणी कमी कमी होत जाऊन एका मर्यादेनंतर मुळीच येत नाही. इम्पेलर आतल्या आत तेच पाणी घुसळीत राहतो व पंपाचे कवच गरम होते. तेव्हा हेड अंदाजाने वाढवून सांगणे जितके चूक, तितकेच ते कमी सांगणेही चूक आहे.

पंपावर भारतीय मानक ब्यूरोची आय.एस.आय. खूण आहे की नाही हे पाहावे. मोटार व पंप एकत्र असलेल्या मोनोब्लॉक पंपासाठी आय.एस. ९०७९ हे मानक आहे. त्याचप्रमाणे विजेच्या बचतीची तारांकित पट्टी असलेल्या पंपास प्राधान्य द्यावे. तारा कितीही असल्या तरी चुकीच्या हेडवर लावलेला पंप वीज वाचवू शकत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

सक्शनची बाजू

हवेचा दाब समुद्रसपाटीस पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर तो ९.७ मीटरच्या आसपास येतो. ह्यातून घर्षण, पाण्याची वाफ होण्याची प्रवृत्ती व पंपाची स्वतःची गरज वजा जाता व्यवहारात सहा मीटर, म्हणजे वीस फूट, ही सुरक्षित मर्यादा समजावी. ह्याहून उंच बसविलेल्या पंपात पाण्याचे बुडबुडे होऊन फुटू लागतात, पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो, व थोड्याच दिवसांत इम्पेलरला खड्डे पडतात. असा आवाज आल्यास पंप खाली घ्यावा. मोठी मोटार लावून हा दोष जात नाही.

सक्शन पाइप आखूड व सरळ असावा आणि पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा असावा. आडवा भाग पंपाकडे किंचित चढता ठेवावा. वाटेत फुगवटा राहिल्यास तेथे हवा साचते. पाइप पंपाला जोडताना माप लहान करावे लागते, तेथे वरची बाजू सपाट असलेला रिड्यूसर वापरावा. फूटव्हॉल्व्हची जाळी मोठ्या क्षेत्रफळाची असावी. ती तळाच्या गाळापासून निदान अर्धा मीटर वर व पाण्याच्या खालच्या पातळीत पुरेशी बुडालेली राहावी. जुना, गंजलेला अथवा अरुंद फूटव्हॉल्व्ह एकटाच एक-दोन मीटर हेड खातो. तो बदलण्याचा खर्च अल्प व फायदा मोठा असतो.

ज्या विहिरीची पातळी पावसाळ्यात कट्ट्याच्या वर येते, किंवा उन्हाळ्यात पंपापासून सहा मीटरपेक्षा खाली जाते, तेथे पंप वरखाली हलविण्याचे कष्ट पडतात. अशा ठिकाणी पाण्यात बुडवून ठेवावयाचा ओपनवेल सबमर्सिबल पंप सोयीचा पडतो. त्यास सक्शनचा प्रश्नच राहत नाही. विसर्ग व हेड ह्यांचे मोजमाप मात्र त्यालाही तितकेच आवश्यक आहे.

डिलिव्हरीचा नळ टाकताना

पंपाजवळ नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. वीज अकस्मात गेली म्हणजे चढणीवरचे पाणी उलट धावते व नळास धक्का देते. ह्या धक्क्यात हलक्या वर्गाचे नळ फुटतात. दहा मीटर उंचीचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम. आपल्या २७ मीटर हेडास तो पावणेतीन किलोग्रॅमच्या आसपास आहे. व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचा दाब ह्याहून वाढतो आणि धक्क्याचा दाब आणखी वेगळा. म्हणून ६ किलोग्रॅम वर्गाचा नळ घ्यावा हे बरे. नळाच्या वाटेतील उंचवट्यावर हवा सुटण्यासाठी एअर व्हॉल्व्ह व सखल जागी गाळ काढण्यासाठी तोटी ठेवावी. पी.व्ही.सी. नळ उन्हात ठिसूळ होतो, म्हणून तो नांगराचा फाळ पोहोचणार नाही इतका, म्हणजे सुमारे तीन फूट खोल गाडावा. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत.

ठिबक, सौर पंप व एंजिन

येत्या दोन-तीन वर्षांत ठिबक सिंचन करण्याचा विचार असल्यास तो आजच सांगावा. ठिबकच्या नळ्यांस सुमारे १० मीटर दाब लागतो. गाळणी व उपनळ्यांसाठी आणखी ५ मीटर धरले तर आपल्या उदाहरणातील हेड २७ वरून ४२ मीटर होते. पाणी मात्र कमी लागते. म्हणजे पंप सर्वस्वी निराळा झाला. सरीसाठी घेतलेला पंप ठिबकास चालेलच असे गृहीत धरू नये.

पंतप्रधान कुसुम योजना २०१९ साली सुरू झाल्यापासून सौर पंपांचा प्रसार झाला आहे. सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर कमी-अधिक होतो. वेग कमी झाला की पाणी त्या प्रमाणात घटते, पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे त्याहून झपाट्याने घटते. सबब सकाळी व सायंकाळी जास्त हेडच्या नळात पाणी चढत नाही. येथे घर्षण कमी ठेवणारा रुंद नळ विशेष उपयोगी पडतो.

पट्ट्याने एंजिनास जोडलेल्या पंपाचा वेग पुली बदलून वाढविण्याचा मोह टाळावा. वेग शेकडा १० ने वाढविला तर पाणी शेकडा १० ने वाढेल, परंतु लागणारी शक्ती शेकडा ३३ ने वाढेल.

बसविल्यानंतरची परीक्षा

पंप सुरू झाल्यावर शेतातील नळाच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ठेवून ते भरण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळाने मोजावे. सेकंदाला ६.१ लिटर पाणी येत असेल तर पिंप ३३ सेकंदांत भरेल. उपसा सुरू करताना व संपताना अशी दोन वेळा मोजणी करून वहीत नोंद करावी. त्याच वेळी मोटार किती अँपिअर प्रवाह घेते तेही तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. तो मोटारीच्या पट्टीवरील आकड्यापेक्षा अधिक असता कामा नये. पुढे पिंप भरण्यास वेळ जास्त लागू लागला, तर फूटव्हॉल्व्ह तुंबला, इम्पेलर झिजला, की सक्शनमध्ये हवा शिरते, ह्याचा शोध पहिल्या नोंदीवरून वेळीच घेता येतो.

दुकानात नेण्याची चिठ्ठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास सोबत घेऊन पुढील आकडे एका कागदावर लिहून द्यावेत : टंचाईच्या महिन्यात विहिरीतून रोज मिळणारे पाणी, पंप चालविण्याचे तास व त्यावरून येणारा सेकंदाचा विसर्ग, सर्वांत खालच्या पातळीपासून पंपाची उंची, पंपापासून शेतातील सर्वांत उंच जागेपर्यंतची उंची, नळाची लांबी, माप व त्यातील घर्षण, ह्या सर्वांवरून आलेले एकूण हेड, आणि पाणी सरीने देणार की ठिबकने. ही चिठ्ठी हातात असलेल्या शेतकऱ्यास दुकानातील कोणताही पंप दाखविला, तरी त्याचा तक्ता पाहून तो आपल्या विहिरीचा आहे की नाही हे त्याचे त्यालाच ठरविता येईल. किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत आपोआप मिळेल.